घर कोणाच्या नावावर होतं? ग्रीक खेड्यातली बाई, तिचं काम आणि तिची प्रीका

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीसमध्ये १९८३ पर्यंत हुंडा, तिकडच्या भाषेत ‘प्रीका’, कायद्याने चालत होता, मग तिथल्या खेड्यातली बाई आपल्याकडच्यासारखीच सासरी अडकलेली होती का? आणि ती दिवसभर जे काम करायची त्याचा हिशोब कुठे लागायचा?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ग्रीसमध्ये एकच पद्धत नव्हती. डोंगराळ मुख्यभूमीवरची मेंढपाळाची सून आणि एजियन समुद्रातल्या बेटावरची खलाशाची बायको या दोघींची प्रीका एकाच कायद्याखाली होती, पण त्यांचं आयुष्य अगदी वेगळं होतं. फरक पडायचा तो एका गोष्टीने. लग्नानंतर जोडपं राहायला जातं ते घर कोणाच्या आईबापांनी दिलेलं आहे? हे आधी विचारा. प्रीकेची रक्कम किती होती हे त्यानंतर.

आधी शब्दाबद्दल. ‘प्रीका’ला आपण हुंडा म्हणतो, पण हुंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरपक्षाच्या हातात पडणारी रक्कम येते. प्रीका हा मुलीचा वारसाहक्क होता, बाप जिवंत असतानाच तिला दिलेला. ग्रीक कायदा रोमन आणि बायझंटाइन परंपरेतून आलेला, त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. लग्नात मुलीला जे दिलं ते पुढे वाटणीच्या वेळी तिच्या हिश्शात धरलं जाई. १९४६ साली लागू झालेल्या नागरी संहितेत तर ऐपतीप्रमाणे मुलीला प्रीका देणं हे बापाचं कायदेशीर कर्तव्यच होतं. म्हणजे मुलगी मागू शकत होती.

आता त्यातली मेख. संहितेप्रमाणे शेत किंवा घर दिलं असेल तर मालकी बायकोची राहायची, पण कारभार आणि उत्पन्न नवऱ्याच्या हाती. ते विकायला कोर्टाची परवानगी लागायची. रोख रक्कम मात्र नवऱ्याच्या मालकीची व्हायची. लग्न मोडलं किंवा नवरा वारला तर ती बायकोला किंवा तिच्या वारसांना परत करायचं देणं त्याच्यावर असायचं. हे देणं कागदावर असतं, आणि पैसा खर्च झालेला असतो. म्हणून शहाणे बाप जमीन द्यायचे, आणि नाइलाज असेल तेव्हाच रोख. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात द्राख्माची किंमत मातीमोल झाली, तेव्हापासून प्रीका ब्रिटिश सोन्याच्या नाण्यांत बोलली जाऊ लागली. एक नाणं बावीस कॅरटचं, आठ ग्रॅमला किंचित कमी. नोटा परत मागण्यात अर्थ नव्हता, सोन्याचा आकडा तरी टिकायचा.

मुख्यभूमीवर, म्हणजे एपिरस, मानी, थेसलीचे डोंगर अशा भागांत, नवरी नवऱ्याच्या घरी जायची. जमीन मुलग्यांकडे राहायची, मुलीला सामान, जनावरं, रोख किंवा लांबचा एखादा तुकडा. सून सगळ्यांत आधी उठायची आणि सगळ्यांत शेवटी जेवायची. तिला ‘नीफी’ म्हणत. याच शब्दाने नवरी, सून आणि वहिनी तिघींना हाक मारतात, त्यावरून लक्षात येतं की सासरच्या घराला ती कायम ‘लग्न होऊन आलेली’च वाटत राहायची. साराकात्सानी मेंढपाळांत तर उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या मुक्कामाच्या झोपड्या, फांद्या आणि गवताच्या, बायकाच उभारत. लाकूडफाटा आणि पाणी पाठीवरून आणत ते वेगळंच. सासूच्या, म्हणजे ‘पेथेरा’च्या, हाताखालून ती कधी बाहेर पडायची? मुलगा झाल्यावर थोडी, आणि भाऊ वेगळे झाले की पूर्ण.

बेटांवर उलट. कालिम्नोस, कार्पाथोस, नाक्सोस आणि आजूबाजूच्या कितीतरी बेटांवर घर मुलीला मिळायचं आणि नवरा तिथे राहायला यायचा. आपल्याकडे ‘घरजावई’ म्हटलं की थोडं हिणवणंच असतं. मुख्यभूमीवरचा ‘सोगाम्ब्रोस’ हा शब्दही तसाच टोचतो. बेटांवर मात्र हीच रीत असल्यामुळे त्यात कमीपणा नव्हता. आई, लग्न झालेल्या मुली आणि मावश्या एकाच आळीत, भिंतीला भिंत लावून राहायच्या. कालिम्नोसचे पुरुष समुद्रातला स्पंज काढायला ईस्टर झाल्यावर निघायचे ते शरद ऋतूत परतायचे. मधले पाच-सहा महिने उधारी, दुरुस्ती, मुलांचं आजारपण, शेताचा तुकडा, सगळं बायकोच बघायची. भांडण झालं तर घराबाहेर पडायची वेळ नवऱ्यावर यायची, कारण दार तिच्या आईने दिलेलं होतं.

पण बेटं म्हणजे बायकांचा स्वर्ग असं समजू नका. कार्पाथोसची पद्धत बघा. बापाकडची मालमत्ता थोरल्या मुलाला, आईकडची थोरल्या मुलीला. थोरल्या मुलीला ‘कानाकारा’ म्हणतात, आईच्या आईचं नाव तिला ठेवतात, आणि नावाबरोबर घर, शेत, गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ तिच्याकडे येते. ओलिंबोस गावात सणाच्या दिवशी ही माळ छातीभर पसरलेली दिसते. धाकट्या बहिणींचं काय? त्यांतल्या अनेकजणी बिनलग्नाच्या राहिल्या आणि थोरलीच्या शेतावर, थोरलीच्या घरात राबल्या. वाटणी न करता मालमत्ता एकसंध ठेवायची तर तिची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. कार्पाथोसवर ती धाकट्यांनी दिली. त्यामुळे ‘मालमत्ता बायकांकडून जाते’ असं वाचलं की लगेच विचारा: कुठल्या बाईकडून, आणि कितव्या नंबरच्या?

जिथे सगळ्या मुलींना घर द्यायची रीत होती तिथे ताण वेगळ्या जागी यायचा. पहिल्या मुलीला आईबापांचं राहतं घर. ते दोघं मग मागच्या लहान खोलीत. दुसरीसाठी बाप आणि भाऊ नवं घर बांधायला घेणार, तिसरीसाठी आणखी एक. तीन-चार मुली असल्या की घरातले पुरुष आयुष्यभर दगड-चुना वाहत राहायचे.

आता कामाकडे येऊ. इथेच सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

बाईचं काम ‘घरातलं’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्या कामाचा मोठा भाग विणकामाचा होता, आणि त्यातून तयार होणारं सामान हीच प्रीकेची जंगम बाजू. त्याला ‘प्रिक्या’ म्हणतात, आणि आपल्या रुखवताशी त्याचं नातं फार जवळचं आहे. फरक असा की ते मुलगी आठ-दहा वर्षांची झाल्यापासून तयार होऊ लागायचं आणि वापरायला वीस-तीस वर्षं पुरायचं. चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल, घोंगड्या, खोगिरावर टाकायचे पट्टे, धान्याच्या पिशव्या. लाकडी पेटी, म्हणजे ‘कासेला’, भरली की घोंगड्या भिंतीशी घडी घालून एकावर एक रचायच्या. घरात पाहुणा आला की त्याची नजर आधी त्या चळतीकडे जायची. मुलगी किती कामाची आहे ते चळतीच्या उंचीवरून कळतं असं मानत.

एक घोंगडी बनायची कशी ते जरा नीट बघू. मेंढरं कातरली की लोकर गरम पाण्यात धुवायची, वाळवायची, पिंजायची. मग चातीवर सूत. हे काम बाई रस्त्याने चालताना, बकऱ्यांमागे, ओट्यावर बसून करते. हातात चाती असली की बाहेर बसायला कोणी नाव ठेवत नाही, रिकाम्या हाताने बसलेल्या बाईला ठेवतात. मग ताणा लावणं. याला लांब सरळ जागा लागते म्हणून ते गल्लीत होतं, भिंतीत खुंट्या ठोकून, आणि तीन-चार शेजारणी लागतात. एकटीने ताणा लावला की दोरे सारख्या ताणाचे राहत नाहीत. पुढे मागावर ढिले दोरे लोंबायला लागतात, घट्ट दोरे तुटतात, आणि कापडाला एका बाजूने पोक येतं. शेजारणीचं हे देणं फेडायचं असतं, तिच्या ताण्याला तुम्ही उभं राहून.

माग अरुंद. दोन्ही हातांनी धोटा फेकता आणि झेलता येईल इतकीच त्याची रुंदी असते. म्हणून एक घोंगडी दोन किंवा तीन पट्ट्या शिवून होते. कसब इथे कळतं. पहिली पट्टी विणताना फणी जोरात आपटली आणि महिन्याभराने तिसरी विणताना हलकी आपटली, तर तेवढ्याच ओळींत तिसरी पट्टी लांब भरते. शिवताना रंगीत पट्टे एकमेकांसमोर येत नाहीत, शिवण सुरकुतते. जाणती बाई पहिल्या पट्टीचं माप काडीवर खुणा करून ठेवते आणि प्रत्येक पट्ट्याला काडी लावून बघते. लग्नाच्या वेळी सासूच्या नात्यातल्या बायका घोंगडी उलटून शिवण बघतात ती याचसाठी.

‘फ्लोकाती’ असेल, म्हणजे लांब केसाळ घोंगडी, तर ती मागावरून उतरवल्यावर अर्धीच झालेली असते. ती नदीकाठच्या ‘नेरोत्रिवी’त न्यायची. जमिनीत रोवलेलं लाकडी फळ्यांचं शंकूच्या आकाराचं मोठं पिंप, वरून अरुंद पन्हाळ्यातून पाणी जोरात पडतं आणि आत भोवरा फिरतो. त्यात घोंगडी तासन्‌तास फिरते, विण आटते, लोंबणारे धागे फुलतात आणि मुळाशी घट्ट धरले जातात. लवकर काढली तर वापरात धागे उपटून येतात. जास्त राहिली तर केस एकमेकांत गुंतून तिचा जाड नमदा होतो, मग फुगत नाही. पाणी बहुधा गिरणीवाल्याच्या ताब्यात, त्याला मोबदला द्यावा लागे. इतक्या सगळ्या कामात पैसा दिसतो तो फक्त इथे, आणि तो बाईच्या हातून जाणारा. आत येणारा नाहीच.

शेतातलं काम. लेस्वोस बेटावर ऑलिव्हच्या बागा फार मोठ्या आहेत. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काढणी. पुरुष लांब काठीने फांद्या झोडपतात, बायका जमिनीवरची फळं वेचतात. झोडपणाऱ्याला ‘राव्दिस्तिस’, वेचणारीला ‘माझोख्त्रा’. वेचणं म्हणजे गुडघ्यावर, ओल्या थंड मातीत, दिवसभर. मजुरी मात्र पुरुषापेक्षा बरीच कमी. कारण देताना काठी चालवणं कौशल्याचं आणि वेचणं कुणालाही जमतं असं सांगत. हे खरं नाही. तेलाची प्रत वेचणारीच्या हातावर ठरते. फळ जमिनीवर पडून राहिलं की आम्लता चढते, माती-पाला राहिला की वास लागतो, पोत्यात दोन-चार दिवस तुंबलं की आतून गरम होऊन आंबतं. साधारण पाच किलो फळातून एक किलो तेल निघतं, त्यामुळे एक खराब टोपली किती तेल बिघडवते याचा अंदाज करा.

खिओस बेटाच्या दक्षिणेकडे मास्तीखा निघतो, झाडाच्या सालीतून थेंबाथेंबाने येणारा सुगंधी डिंक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि पांढऱ्या चुनखडीच्या मातीचा थर देतात, म्हणजे पडलेला थेंब मळत नाही. मग सालीला बारीक चिरा. थेंब वाळायला दोन-तीन आठवडे, मग वेचणी. एका झाडातून वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम. पुढचं काम हिवाळाभर चालतं. घरात टेबलाभोवती पाच-सहा बायका, प्रत्येकीच्या हातात छोटी टोकदार सुरी, एकेक दाणा उचलून त्याला चिकटलेली माती आणि साल खरवडायची. घाई केली तर दाणा फुटतो आणि खालच्या प्रतीत जातो. १९३८ मध्ये उत्पादकांची सहकारी संघटना झाली आणि माल तिच्यामार्फत जाऊ लागला. घरातल्या टेबलावरचं हे खरवडणं मात्र आजही बव्हंशी बायकांच्याच हाती आहे.

घरची मालकीण ती ‘नीकोकिरा’. आठवड्याची भाकरी आंबवलेल्या पिठाची, बाहेरच्या लाकडाच्या भट्टीत, एकदम आठ दिवसांची. चीज, लोणवलेले ऑलिव्ह, ईस्टरआधी चुन्याचा हात. तिजोरीची किल्ली बहुतेक घरांत तिच्याच कमरेला. नवरा बाजारात सौदा ठरवून यायचा, पण पैसे तिच्याकडून मागून घ्यायचा, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर सौदा फिसकटायचा. हे चारचौघांत बोललं जात नसे. काफेनिओत, म्हणजे पुरुषांच्या चहा-कॉफीच्या अड्ड्यावर, मीच ठरवलं असं सांगायची त्याला मुभा होती.

लग्न ठरायचं कसं? ‘प्रोक्सेनिओ’ने, म्हणजे मध्यस्थामार्फत. बहुधा एखादी नात्यातली प्रौढ बाई आधी चाचपून बघे. थेट विचारून नकार आला तर दोन्ही घरांचा अपमान, म्हणून मध्यस्थ. मग बाप आणि भाऊ आकड्यावर बसत. जमलं की ‘लोगोस’, शब्द दिला. त्यानंतर साखरपुडा, अंगठ्या. इथून मागे फिरणं मुलासाठी अवघड, मुलीसाठी फारच महाग, कारण मोडलेल्या साखरपुड्याच्या मुलीला पुढच्या स्थळाला जास्त प्रीका द्यावी लागे. वरपक्ष ऐनवेळी आणखी एक शेत मागतो, तो याच कमजोरीवर बोट ठेवून. म्हणून प्रीकेचा नोटरी दस्त, ‘प्रिकोसिम्फोनो’, चर्चमधल्या विधीच्या आधी करून घ्यायचा. विधी झाल्यावर सासऱ्याने टाळाटाळ केली तर जावई अडचणीत, आणि दस्त फार आधी करून मुलाने शब्द मोडला तर बाप.

लेंट म्हणजे ईस्टरपूर्व उपासाच्या काळात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लग्न लागत नाही. लीप वर्षही लोक टाळतात. आपल्या चातुर्मासासारखंच हे, तारखा बघूनच बोलणी सुरू करायची. लग्नाच्या आठवड्यात रुखवत खेचरांवर लादून मिरवत न्यायचं. मग ‘क्रेवाती’, नवा पलंग सजवणं. गादी घालायला मुली बोलवायच्या त्या बिनलग्नाच्या आणि आईबाप दोन्ही हयात असलेल्या. पलंगावर पैसे आणि साखरबदाम टाकतात, तान्हं मूल लोळवतात. चर्चमध्ये ‘कुम्बारोस’, म्हणजे लग्नातला पाठीराखा, दोघांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करतो. वाचन चालू असतं आणि ‘बायकोने नवऱ्याचा धाक धरावा’ ही ओळ येते. त्या क्षणी नवरी नवऱ्याच्या पायावर पाय देते आणि जमलेले सगळे हसतात. पाद्री थांबत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत कोण कोणाचा धाक धरणार ते यावरून ठरत नाही, पण प्रत्येक नवरीला तिच्या करवल्या आधी कानात सांगून ठेवतात: विसरू नकोस.

भावांचा भाग राहून जातो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. बहिणीचं लग्न झाल्याशिवाय भावाने लग्न करायचं नाही, ही रीत खेड्यांत कडक होती. बाप वारला असेल तर प्रीका उभी करणं भावावर. तीन बहिणींचा एकच भाऊ चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिल्याची उदाहरणं हव्या त्या गावात सापडतात. मार्च १९६० मध्ये ग्रीस आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला. त्यातून गेलेल्या तरुणांच्या मनीऑर्डरी आधी बहिणीच्या घराच्या भिंती बनल्या. मुलीही गेल्या, जर्मन कारखान्यांत उभ्या राहिल्या आणि स्वतःची प्रीका स्वतः जमवली.

त्याआधीही हे झालं होतं. १९२२ नंतर आशिया मायनरमधून उखडून आलेल्या निर्वासित कुटुंबांकडे द्यायला ना शेत होतं ना घर. त्यांच्या मुली अथेन्सजवळच्या गालिच्यांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत, कावालाच्या तंबाखूच्या गोदामांत गेल्या. आणखी एक वाट होती, आणि तिच्याबद्दल बोलताना शब्द जपून वापरायला हवेत. गरीब घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी शहरातल्या घरी ‘प्सिहोकोरी’ म्हणून द्यायची. शब्दाचा अर्थ ‘जिवाची लेक’. ती तिथे वर्षानुवर्षं भांडी-धुणी करणार, पगार नाही, बदल्यात लग्नाच्या वेळी मालक तिला प्रीका देणार. काहींनी दिली. काहींनी तिला लग्नाच्या वयाआधीच या ना त्या निमित्ताने घरी पाठवलं, आणि तोंडी करारामुळे तिच्या हातात काहीच उरलं नाही. कष्टाचा मोबदला लग्नाला बांधला की लग्न न होणं हीच मालकाची बचत होते.

महायुद्धानंतर शहरांत प्रीका म्हणजे फ्लॅट. ‘अन्दिपारोही’ नावाची पद्धत चालली: जुन्या घराची जागा बांधकामवाल्याला द्यायची, त्याने इमारत बांधायची, जागेच्या बदल्यात ठरलेले फ्लॅट मालकाला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुनर्विकास म्हटलं की लगेच कळेल. दोन मुली असलेल्या बापाला दोन फ्लॅट मिळाले की दोन प्रीका सुटल्या. अथेन्सच्या चार-सहा मजली इमारतींच्या रांगांमागे मुलींच्या लग्नाचा हा हिशोबही आहे.

कायदा कसा बदलला ते सांगतो, कारण तारखा चुकीच्या फिरतात. बायकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क १९५२ मध्ये मिळाला. १९७५ च्या घटनेने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले, पण विरोधी कायदे बदलायला १९८२ च्या अखेरीपर्यंत मुदत ठेवली. त्यामुळे सगळे बदल त्या मुदतीच्या आसपास एकदम आले. १९८२ मध्ये नागरी विवाह. फेब्रुवारी १९८३ मध्ये कुटुंब कायदा, क्रमांक १३२९. त्याने प्रीका ही संस्थाच रद्द केली, आधी दिलेल्या प्रीकेतल्या स्थावरावरचा नवऱ्याचा कारभार संपवला, ‘कुटुंबप्रमुख’ हे नवऱ्याचं पद काढून टाकलं, बाईने कायद्याने माहेरचंच आडनाव ठेवायचं असं ठरवलं. मुलीचं लग्नाचं किमान वय तोपर्यंत १४ होतं, ते १८ झालं.

पण बाप मुलीला घर द्यायचे थांबले नाहीत. त्याच कायद्याने ‘गोनिकी पारोही’, म्हणजे आईबापांकडून मुलांना मिळणारं साहाय्य, अशी सोय केली. ती मुलग्यालाही लागू, कर्तव्य म्हणून सक्ती नाही, आणि जावयाचा त्यात संबंध नाही. मालमत्ता थेट मुलीच्या नावावर. हाच सगळ्यांत मोठा फरक.

बाईच्या न मोजलेल्या कामासाठीही याच कायद्यात एक कलम आहे, १४०० क्रमांकाचं. दोघांची मालमत्ता वेगवेगळी राहते, पण लग्न संपलं आणि लग्नाच्या काळात एकाची मालमत्ता वाढली असेल, तर दुसऱ्याने त्या वाढीला हातभार लावला असं धरून चालतात आणि त्याचा वाटा एक तृतीयांश मानतात. समजा लग्नाच्या वेळी नवऱ्याकडे आजच्या किमतीने २०,००० युरोचं शेत होतं आणि शेवटी ८०,००० चं. वाढ ६०,००० ची, बायकोचा वाटा २०,०००, पुरावा न देता. जास्त हवा असेल तर तिने सिद्ध करायचं, कमी द्यायचा असेल तर त्याने. दावा लग्न संपल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. दोन वर्षं उलटली की हक्क गेला, आणि समेटाच्या बोलण्यात नेमकी हीच मुदत हातातून जाते.

गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, पण गल्लत करू नका. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर सगळी मालमत्ता दोघांची मिळून, आणि अर्धी-अर्धी. ग्रीसमध्ये मालकी मिळून होत नाही. वाढीवर फक्त हक्क सांगता येतो.

तुमच्या हातात जुना प्रिकोसिम्फोनो किंवा त्याचं भाषांतर आलं तर तो वरून खाली वाचू नका. आधी स्थावराचं कलम शोधा. शेताचं माप ‘स्त्रेमा’त असतं. एक स्त्रेमा म्हणजे एक हजार चौरस मीटर, आपल्या एकराच्या पावभर. घर असेल तर ते कुठल्या आळीत, शेजारी कोणाची घरं, हे बघा. शेजारात नवरीच्या बहिणींची, मावशीची नावं असतील तर नवरा तिच्याकडे राहायला आला. त्याच्या भावांची असतील तर ती गेली. मग सामानाची यादी, आणि तिच्या शेवटी किंमत लावली आहे का. रोमन कायद्यापासून चालत आलेल्या रिवाजात किंमत लावलेलं सामान बहुधा नवऱ्याचं होई आणि किंमत त्याच्या डोक्यावर. किंमत नसेल तर तीच घोंगडी पंचवीस वर्षांनी, झिजलेली का होईना, तिला परत. मग परत देण्याचं कलम: अपत्य नसताना ती वारली तर प्रीका माहेरी जाणार की नाही. माहेरच्यांनी किती विचार केला होता ते इथे दिसतं. सगळ्यांत शेवटी सह्या. बापाची, जावयाची, साक्षीदारांची. नवरीच्या नावासमोर बऱ्याच जुन्या दस्तांत नुसती फुली असते, आणि बाजूला दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं: ‘लिहिता येत नसल्यामुळे तिच्या वतीने’. ज्या यादीवर ही फुली आहे त्यातली प्रत्येक चादर आणि घोंगडी बहुधा तिच्या स्वतःच्या आणि तिच्या आईच्या हातची असते.